सांध्यांची साक्ष : भेकराच्या गुणसूत्रांचा इतिहास

जुन्या मराठी दप्तराचा रुमाल सोडून बसणारा अभ्यासक पहिल्या कांहीं दिवसांतच एक गोष्ट शिकतो. पत्राच्या आरंभीं ठराविक मायना असतो आणि अखेरीस ठराविक समाप्ति असते. ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत असावें’, ‘बहुत काय लिहिणें, लोभ असों द्यावा’, असलीं वाक्यें शेंकडों पत्रांत तींच तीं येतात. त्यांत वार्ता म्हणून कांहीं नसते, आणि म्हणून वार्तेच्या शोधांत असलेला वाचक तीं ओलांडून पुढें जातो. परंतु समजा, एखाद्या कारकुनानें अनेक पत्रांच्या नकला एकाच लांब कागदावर सलग उतरून घेतल्या आहेत, आणि कोणतें पत्र कोठें संपलें याची खूण मुळींच ठेवलेली नाहीं. अशा वेळीं याच निर्जीव वाक्यांचा केवढा उपयोग होतो! मजकुराच्या ऐन मध्यावर ‘लोभ असों द्यावा’ आलें आणि त्याच्या पाठोपाठ नवा मायना आला, कीं येथें एक पत्र संपून दुसरें सुरू झालें हें निश्चित समजावें. जें वाक्य कोणतीच बातमी सांगत नाहीं, तेंच मूळचीं पत्रें किती होतीं हें सांगतें.

प्रस्तुत लेख दप्तरखान्याविषयीं नाहीं. एका लहानशा हरणाच्या शरीरांत असाच एक सांधलेला दस्तऐवज १९७० सालीं सांपडला. तो नीट लावून वाचण्यास पुढें पन्नास वर्षें लागलीं. आणि ज्या मजकुरास शास्त्रज्ञांपैकीं पुष्कळांनीं केरकचरा म्हणून बाजूस सारलें होतें त्यानेंच अखेर त्याचा उलगडा केला. विषय प्राणिशास्त्राचा असला तरी पुराव्याची जात इतिहासाची आहे, आणि म्हणूनच तो या पृष्ठांवर मांडण्याचें धाडस करीत आहें.

हें हरिण आपल्याकडील वाचकांस अपरिचित नाहीं. सह्याद्रीच्या जंगलांत त्यास भेकर म्हणतात. कुत्र्याच्या भुंकण्यासारखी त्याची हांक श्वापदाची चाहूल लागतांच रानांत एकसारखी घुमूं लागते. नराचीं शिंगें आंखूड, पण तीं केंसाळ कातड्यानें मढविलेल्या दोन उंच खुंटांवर बसविल्यासारखीं. आणि वरच्या जबड्यांतून सुळे बाहेर आलेले. या कुळांतील जावा बेटांतील जातीचें शास्त्रीय वर्णन झिमरमन या जर्मन पंडितानें १७८० सालीं केलें, आणि पश्चिम जावांतील सुंद भाषेंतला शब्द डचांच्या मुखांतून ‘मुंटजॅक’ होऊन युरोपांत रूढ झाला. भारताच्या भूमीवरील भेकरास आतां पुष्कळ ग्रंथकार जावांतील भेकराहून निराळी जाति मानतात. याच कुळांतील चिनी भेकर अंगानें कांहींसें लहान. त्याचें वर्णन ऑगिल्बी यांनीं १८३९ सालीं केलें, आणि त्यास कँटन येथें ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाची पारख करणाऱ्या जॉन रीव्ह्ज यांचें नांव दिलें. हीं दोन भेकरें शेजारीं उभीं केलीं तर नवख्या मनुष्यास त्यांतील भेद सहसा सांगतां येणार नाहीं. पुढील सर्व गोष्ट या दोन सारख्या दिसणाऱ्या भावंडांची आहे.

प्राण्यांच्या पेशीचे दोन भाग होण्याच्या वेळीं तिच्या केंद्रकांत दोऱ्याच्या तुकड्यांसारखीं कांहीं सूत्रें दिसूं लागतात. तीं रंग चांगला शोषून घेतात, म्हणून वाल्डेयर या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें १८८८ सालीं त्यांस जें नांव दिलें त्याचा शब्दशः अर्थ ‘रंगपिंड’ असा होतो. मराठींत आपण त्यांस गुणसूत्रें म्हणतों; कारण आईबापांचे गुण अपत्यांत उतरतात ते यांच्या द्वारें. प्रत्येक गुणसूत्र म्हणजे डीएनए नांवाच्या एका अतिशय लांब रेणूची प्रथिनांच्या आधारानें केलेली गुंडाळी होय, आणि त्या रेणूवर चार अक्षरांच्या लिपींत जीवाचा मजकूर लिहिलेला असतो.

हीं सूत्रें मोजणें वाटतें तितकें सोपें नव्हतें. टेक्सासमधील पेंटर यांनीं १९२३ सालीं मनुष्याचीं गुणसूत्रें ४८ असल्याचें प्रसिद्ध केलें, आणि तीस वर्षांहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांनीं तो आंकडा प्रमाण मानला. १९५२ सालीं टी. सी. शू या चिनी संशोधकानें टेक्सासमध्येंच असें दाखविलें कीं, पेशी पातळ क्षारद्रवांत ठेवल्या असतां त्या फुगतात आणि आंतलीं गुणसूत्रें एकमेकांपासून सुटीं होतात. ही युक्ति हातीं आली, तरी स्वतः शू यांनीं संख्या ४८ च लिहिली. रूढ आंकड्याचा पगडा असा असतो. अखेर १९५६ मध्यें स्वीडनांतील लुंड येथें त्जियो आणि लेवान यांनीं मनुष्याचीं गुणसूत्रें ४६ असल्याचें सिद्ध केलें.

त्यानंतर अनेक प्रयोगशाळांतून नाना प्राण्यांचीं गुणसूत्रें मोजण्याचा उद्योग सुरू झाला. अमेरिकेंतील डार्टमथ येथें कुर्ट बेनिर्श्के हे विकृतिशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकारी डोरिस वुर्स्टर यांनीं सस्तन प्राण्यांच्या त्वचेचे कण वाढवून त्यांतील सूत्रें मोजण्याचें काम चालविलें होतें. १९६७ सालीं त्यांनीं कांहीं हरणांविषयीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत चिनी भेकराचीं गुणसूत्रें ४६ असल्याचें नमूद आहे. मनुष्याइतकीच ही संख्या! परंतु त्यांत विशेष कांहीं नाहीं, हा केवळ योगायोग. गुणसूत्रांच्या संख्येवर प्राण्याची थोरवी ठरत नाहीं. खरें आश्चर्य पुढें होतें. १९७० सालीं त्याच दोघांनीं ‘सायन्स’ या साप्ताहिकांत भारतीय भेकराविषयीं एक लहानसा निबंध छापला. भारतीय भेकराच्या मादींत गुणसूत्रें फक्त ६ आणि नरांत ७! आजपर्यंत मोजलेल्या सस्तन प्राण्यांत याहून कमी संख्या कोणत्याही प्राण्याची आढळलेली नाहीं.

नराला एक अधिक कां, हें कोडें लवकर सुटलें. लिंग ठरविणारें ‘एक्स’ सूत्र या जातींत तिसऱ्या जोडींतील एका सूत्रास कायमचें चिकटलेलें आहे. मादींत अशीं दोन जोडसूत्रें असतात. नरांत एकच जोडसूत्र असतें, आणि त्याच्या जोडीला तिसरें सूत्र वेगळें व ‘वाय’ सूत्र वेगळें उरतें. म्हणून बेरीज ७ होते. परंतु मोठें कोडें तसेंच राहिलें. एकाच कुळांतील, एकाच तोंडवळ्याच्या दोन भेकरांपैकीं एकाचीं सूत्रें ४६ आणि दुसऱ्याचीं ६, हें कसें झालें? सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां चिनी भेकराचीं सूत्रें बारीक दिसतात, आणि प्रत्येकाचा गुणसूत्रबिंदु अगदीं एका टोंकाशीं असतो. गुणसूत्रबिंदु म्हणजे पेशीविभाजनाच्या वेळीं सूत्रास ओढून नेणारे तंतु जेथें येऊन बांधले जातात ती जागा. भारतीय भेकराचीं सूत्रें मात्र राक्षसी लांबीचीं. म्हणजे मजकूर नाहींसा झालेला नव्हता; पुष्कळशा लहान चोपड्यांऐवजीं तो थोड्या जाड ग्रंथांत बांधलेला होता.

येथें इतिहासकाराचा नेहमींचा प्रश्न उभा राहतो : आधीं काय आणि नंतर काय? मूळचीं थोडीं लांब सूत्रें तुटून चिनी भेकराचीं अनेक सूत्रें झालीं, असेंही म्हणतां येईल. किंवा अनेक लहान सूत्रें एकमेकांस जोडून भारतीय भेकराचीं थोडीं झालीं, असेंही म्हणतां येईल. दोन्ही गोष्टी तर्कास धरूनच होत्या. हरणांच्या कुळांत इतरत्र पाहिलें तर पारडें दुसऱ्या बाजूस झुकत होतें. युरोपांतील रो हरणाचीं सूत्रें ७०, तांबड्या हरणाचीं ६८, आपल्या चितळाचीं ६६. अशा कुळांत ६ ही संख्या नंतरची असावी हें उघड दिसतें. १९७५ सालीं शू यांनीं सेन पाठक आणि चेन या सहकाऱ्यांसह असें मत मांडलें कीं, सूत्रें टोंकास टोंक लागून ओळीनें जोडलीं जात असतात, आणि अशा जोडसूत्रांत मूळच्या गुणसूत्रबिंदूंपैकीं कांहीं निद्रिस्त होऊन राहिलेले असण्याचा संभव आहे. परंतु संभव म्हणजे पुरावा नव्हे.

पुराव्याचा पहिला हप्ता चीनमधून आला. कुनमिंग येथील शी लिमिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० सालीं दोन्ही भेकरांच्या संकरापासून झालेल्या पिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संकर पिलूं चिनी आईबापाकडून २३ बारीक सूत्रें घेतें आणि भारतीय आईबापाकडून ३ किंवा ४ अजस्त्र सूत्रें. म्हणजे एकाच पेशींत दोन्ही आवृत्त्या शेजारीं शेजारीं ठेवलेल्या! विशिष्ट प्रक्रिया करून रंगविलें असतां सूत्रांवर गडद व फिकट पट्टे उमटतात. ते ताडून पाहतां बारीक सूत्रांवरील पट्टे मोठ्या सूत्रांच्या तुकड्यांवरील पट्ट्यांशीं पुष्कळ ठिकाणीं जुळले. दुर्दैवानें, अथवा निसर्गाच्या नियमानें म्हणा, संकर नराच्या ठिकाणीं शुक्रजंतु तयार होण्याचें काम अर्ध्यावरच थांबतें. दोन आवृत्त्या एका पेशींत नांदूं शकतात; परंतु पुढची पिढी घडवितांना सूत्रांस जोडीदार शोधावा लागतो, आणि तेथें इतक्या भिन्न मांडणीचा मेळ बसत नाहीं.

पट्टे जुळले, तरी त्यावरून दिशा ठरत नव्हती. फाडलेल्या कागदाचे तुकडे मूळ कागदाशीं जुळतात, तसेच चिकटविलेले तुकडेही जुळतात. दिशा ठरविण्यास सांधा पाहावा लागतो. आणि तो सांधा ज्या अक्षरांनीं लिहिलेला होता त्यांचा इतिहास स्वतंत्रपणें सांगितला पाहिजे.

१९५७ सालीं मेसेल्सन, स्टाल आणि व्हिनोग्राड या तिघांनीं जड क्षाराच्या द्रवांत डीएनए अतिवेगानें फिरवून घनतेप्रमाणें त्याचे थर वेगळे करण्याची रीति प्रसिद्ध केली. १९६१ च्या सुमारास या रीतीनें उंदराचा डीएनए तपासतांना असें दिसलें कीं, मुख्य थराच्या शेजारीं एक लहानसा निराळा थर जमतो. ग्रहाजवळ उपग्रह असावा तसा तो दिसला, म्हणून त्यास ‘सॅटेलाइट’ म्हणजे उपग्रह डीएनए असें नांव मिळालें. १९६८ मध्यें ब्रिटन आणि कोहन यांनीं डीएनएचे दोन पदर वेगळे केल्यावर ते किती त्वरेनें पुन्हा जुळतात हें मोजून दाखविलें कीं, प्राण्यांच्या डीएनएचा मोठा भाग पुनरुक्तीनें भरलेला आहे. तेच शब्द हजारों, कांहीं ठिकाणीं लाखों वेळां लिहिलेले आहेत. उंदराचा उपग्रह थर हा त्यांतील अतिरेकाचा मासला होता. एक आंखूड वाक्य सुमारें दहा लाख वेळां! पुढें १९७० सालीं मेरी लू पार्ड्यू आणि जोसेफ गॉल यांनीं हें वाक्य सूत्राच्या कोणत्या भागांत आहे तें दाखवून दिलें : तें गुणसूत्रबिंदूच्या भोंवतींच दाटलेलें होतें.

या पुनरुक्तीचा अर्थ काय करावा? तिच्यावरून प्रथिनें तयार होत नाहींत. म्हणजे रूढ अर्थानें ती कांहींच सांगत नाहीं. १९७२ सालीं सुसुमु ओनो यांनीं, प्रथिनांशीं संबंध नसलेल्या एकंदर डीएनएच्या संदर्भांत, अडगळ या अर्थाचा जो शब्द वापरला तो सर्वतोमुखीं झाला. १९८० सालीं डूलिटल व सॅपिएन्झा यांनीं, आणि त्याच अंकांत ऑर्गेल व क्रिक यांनीं, असा डीएनए प्राण्याच्या हितासाठीं नव्हे तर स्वतःच्या वृद्धीसाठींच वाढत असावा, असें प्रतिपादिलें. बांडगुळ झाडावर वाढतें तें झाडाच्या कल्याणाकरितां नव्हे, तसाच हा प्रकार. या मतांत पुष्कळ तथ्य होतें. परंतु ‘अडगळ’ हा शब्द एकदां चिकटला कीं वस्तूकडे पाहण्याची इच्छाच मंदावते, आणि तो धोका येथेंही होताच.

पुनरुक्तीचा आणखी एक प्रकार सूत्रांच्या दोन्ही टोंकांस असतो. १९३८ सालीं मुल्लर यांनीं त्या टोंकांस ‘टेलोमिअर’ म्हणजे अंत्यखंड असें नांव दिलें. तुटलेल्या सूत्राचें टोंक दुसऱ्या टोंकास चिकटूं पाहतें, परंतु स्वाभाविक टोंक तसें करीत नाहीं. म्हणजे त्यावर कसलेंसें टोपण असलें पाहिजे, हें मुल्लर आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनीं ओळखलें होतें. पुढें असें आढळलें कीं, सस्तन प्राण्यांत हें टोपण सहा अक्षरांच्या एकाच शब्दाचें बनलेलें असतें. टी, टी, ए, जी, जी, जी हा शब्द शेंकडों-हजारों वेळां लिहून सूत्राची समाप्ति केलेली असते. वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, बिंदूजवळचा उपग्रह डीएनए हा जणुं मायना आणि टोंकाचा हा शब्द म्हणजे ‘लोभ असों द्यावा’. चिनी भेकराच्या प्रत्येक लहान सूत्राचा बिंदु एका टोंकाशीं असल्यामुळें ही उपमा त्यास तंतोतंत लागू पडते.

आतां पुन्हा भेकराकडे वळूं. १९८५ सालीं बोगेनबर्गर, नॉयमायर आणि फिटलर या जर्मन संशोधकांनीं भेकराच्या उपग्रह डीएनएचा एक प्रकार अक्षरशः वाचून काढला. त्याचा एकेक घटक सुमारें ८०० अक्षरांचा, आणि तो घटकही ३१ अक्षरांच्या लहान आवृत्त्यांनीं बनलेला. विशेष हें कीं, या ३१ अक्षरांचें गाईच्या एका उपग्रह डीएनएशीं निकटचें साम्य निघालें. गाय आणि हरिण यांचे पूर्वज वेगळे होऊन कोट्यवधि वर्षें लोटलीं. तरी मायन्याची मूळ वळणें दोन्ही घराण्यांत ओळखूं येण्याजोगीं राहिलीं आहेत. पुढें १९९६ सालीं ली आणि लिन यांनीं तांबड्या हरणांत आणि इतर हरणांतही हीच ३१ अक्षरी वीण दाखवून दिली.

निर्णायक प्रयोग कॅनडांत लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं केला, आणि तो १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं चिनी भेकराच्या बिंदूजवळील उपग्रह डीएनएचा एक तुकडा वेगळा केला, त्यास खूण लावली, आणि तो भारतीय भेकराच्या अजस्त्र सूत्रांवर सोडला. असा तुकडा आपल्यासारखीं अक्षरें जेथें असतील तेथेंच जाऊन चिकटतो. तो भारतीय भेकराच्या बिंदूंपाशीं चिकटला यांत नवल नव्हतें. परंतु तो लांब सूत्रांच्या भुजांवरही ठिकठिकाणीं, अंतराअंतरानें चिकटलेला दिसला. म्हणजे ज्या जागीं बिंदु नाहीं अशा जागीं, मजकुराच्या ऐन मध्यावर, मायने! १९९३ सालीं ली, शशी आणि लिन यांनीं असाच शोध टोपणाच्या सहा अक्षरी शब्दाचा केला, आणि तोही सूत्रांच्या टोंकांशिवाय मध्यें सांपडला. २००० सालीं उपग्रह डीएनएचे दोन निरनिराळे प्रकार या मधल्या जागांवर एकत्र नांदतांना दिसले. २००४ मध्यें हार्टमन आणि शेर्टान यांनीं हे सांधे प्रत्यक्ष अक्षरांच्या पातळीवर तपासले, तेव्हां टोपणाचा शब्द आणि पुनरुक्त डीएनए हे खेटून बसलेले आढळले. समाप्ति आणि तिच्या पाठोपाठ नवा मायना, असा हा प्रकार होता.

यानें दिशेचा वाद मिटला. लांब सूत्र मूळचें असतें आणि तुटून त्याचे तुकडे झाले असते, तर त्या लांब सूत्राच्या मध्यें टोपणें आणि बिंदूंचे अवशेष असण्यास कांहीं कारणच नव्हतें. एकच सलग लिहिलेल्या पत्राच्या पोटांत कोणी दहा ठिकाणीं समाप्ति व मायना लिहीत नाहीं. ते अवशेष तेथें आहेत, कारण एके काळीं त्या प्रत्येक जागीं एक सूत्र संपत होतें आणि दुसरें सुरू होत होतें. याच सुमारास, १९९५ सालीं, यांग फेंगतांग यांनीं केंब्रिज येथें फर्ग्युसन-स्मिथ यांच्या समवेत दुसऱ्याच मार्गानें तोच निष्कर्ष काढला; एका जातीचें एकेक सूत्र रंगानें चिन्हित करून दुसऱ्या जातीच्या सूत्रांवर त्याचा तुकडा कोठें बसतो तें त्यांनीं प्रत्यक्ष रंगवून दाखविलें. दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या म्हणजे इतिहासांत जें वजन येतें तें येथेंही आलें.

एक बारकावा मात्र सांगितला पाहिजे. सांध्यांवर उरलेले मायने अपुरे आहेत. भारतीय भेकराच्या पेशींतील डीएनए चिनी भेकराच्या मानानें कमी भरतो, आणि या घटीचा संबंध पुनरुक्त डीएनए गळून जाण्याशीं आहे, असें जॉन्स्टन, चर्च आणि लिन यांनीं १९८२ सालींच दाखविलें होतें. नकल करणाऱ्या कारकुनानें बातमी जपावी आणि मायने आंखडते घ्यावे, तसेंच हें झालें. सूत्राचा बिंदु एकाहून अधिक ठिकाणीं कार्यरत राहिला तर विभाजनाच्या वेळीं दोन्हीकडून ओढ बसून सूत्र तुटेल. म्हणून जोडसूत्रांत जादा बिंदूंनीं काम सोडून देणें अवश्यच असतें. तरीही कांहीं सांध्यांवर इतका अवशेष उरला कीं, तेवढ्यावरून सर्व वंशवृत्त लागलें. संपूर्ण नाश झाला असता तर आपण आजही तर्कच करीत बसलों असतों.

या प्रकरणाचा अलीकडचा अध्याय २०२० सालचा आहे. ऑस्टिन मड, डॅनिएल रोख्सार आणि त्यांचे सहकारी यांनीं दोन्ही भेकरांचा संपूर्ण डीएनए सूत्रवार लावून प्रसिद्ध केला, आणि त्यामुळें सांध्यांची मोजदाद करतां आली. तिचा हिशेब इतका नेटका आहे कीं तो येथें दिल्यावांचून राहवत नाहीं. हरणांच्या आदिपूर्वजाच्या सूत्रांच्या ३५ जोड्या होत्या. त्यांपैकीं ६ सांधे दोन्ही भेकरांत समान आहेत, म्हणजे ते दोघांच्या सामाईक पूर्वजांतच पडलेले होते. ३५ मधून ६ गेले, २९ राहिले. पुढें घराणीं वेगळीं झालीं. चिनी भेकराच्या शाखेंत आणखी ६ सांधे पडले. २९ मधून ६ वजा जातां २३ जोड्या, म्हणजे ४६ सूत्रें. भारतीय भेकराच्या शाखेंत २६ सांधे पडले. २९ मधून २६ वजा जातां ३ जोड्या, म्हणजे ६ सूत्रें. या दोन शाखा वेगळ्या होऊन सुमारें ४९ लाख वर्षें झालीं असा त्यांचा अंदाज आहे. भूगर्भशास्त्राच्या मापानें हा काळ अल्पच म्हणावा लागेल.

या हिशेबानें एका जुन्या समजुतीसही दुरुस्ती मिळाली. भारतीय भेकराचीं सूत्रें चिनी भेकराच्या सूत्रांपासून झालीं, असें बोलण्याची संवय पडली होती. जणुं चिनी भेकर हें आजोबा आणि भारतीय भेकर हें नातवंड. वास्तविक दोघेही चुलतभाऊ आहेत. चिनी भेकरानेंही आपल्या परीनें सहा वेळां सांधेजोड केलेलीच आहे. फक्त त्यानें ती बेतानें केली. हयात असलेल्या दोन नातलगांपैकीं जो साधा दिसतो त्यास पूर्वज समजण्याची चूक भाषांच्या इतिहासांत आणि लोकांच्या इतिहासांतही वारंवार झालेली आहे. पूर्वज दोघांच्याही मागें असतो, आणि तो दोघांहूनही निराळा असतो.

मग एवढी उलथापालथ होऊनही दोन भेकरें इतकीं सारखीं कशीं राहिलीं? याचेंही उत्तर त्याच अभ्यासांत आहे. सूत्रें जोडलीं गेलीं, परंतु त्यांवरील जनुकांचा आपसांतील क्रम बव्हंशीं अबाधित राहिला; सांध्याच्या अगदीं जवळदेखील शेजाऱ्यांचे संबंध फारसे बिघडले नाहींत. बांधणी बदलली, मजकूर बदलला नाहीं. या कुळांतील इतर भेकरांकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. व्हिएतनाममध्यें १९९४ सालीं जें मोठें भेकर शास्त्रास नव्यानें कळलें त्याचीं सूत्रें ४६. आणि पूर्व चीनमधील काळ्या भेकराच्या मादींत ८, नरांत ९. संख्येवरून यांच्या आकाराचा, रंगाचा अथवा राहणीचा कांहींच बोध होत नाहीं.

या सर्व वृत्तान्तांतून एक विचार सुचतो, आणि तो प्राणिशास्त्रापुरता मर्यादित नाहीं. एखाद्या गोष्टीचा उपयोग काय, या प्रश्नांत आपण दोन निराळे प्रश्न मिसळून टाकतों. ती गोष्ट धारण करणाऱ्यास तिचा उपयोग काय, हा एक. आणि तिच्यावरून पाहणाऱ्यास काय कळतें, हा दुसरा. भेकराच्या सूत्रांच्या मध्यें अडकून पडलेला उपग्रह डीएनए त्या भेकरास चालण्यास, चरण्यास किंवा पळण्यास साहाय्य करीत असेल, असें मानण्याचें कारण नाहीं. या अर्थानें ओनो यांचा शब्द तेथें लागू पडेलही. परंतु साक्षीदार होण्यास उपयुक्त असावें लागत नाहीं. किंबहुना ज्याच्यावर कामाचा भार असतो तें सतत घांसलें, दुरुस्त केलें, बदललें जातें. ज्याची कोणासच गरज नसते तें जेथें पडलें तेथें पडून राहतें, आणि म्हणून जुन्या जागेची खूण सांगतें. उलट बाजूनें होणारा अतिरेकही टाळावयास हवा. पुनरुक्तीनें इतिहास सांगितला म्हणून प्रत्येक पुनरुक्तींत कांहीं गूढ योजना असलीच पाहिजे, असा निष्कर्ष निघत नाहीं. सांधा कोठें पडला आणि कोणत्या क्रमानें पडला हें सांधा सांगतो. तो कोणत्या हेतूनें पडला हें विचारणें म्हणजे मायन्यास राजकारण विचारण्यासारखें आहे.

आपल्याकडे जुन्या वाड्यांतून, देवळांतून आणि ओसऱ्यांवरून कागद गोळा होतात, तेव्हां निवड करणारा हात नेहमींच घाईंत असतो. तह, लढाया आणि वतनांचे निवाडे वर काढले जातात; कीर्दी, याद्या, पोंचपावत्या आणि त्याच त्या मायन्यांचे तुकडे वाळवीस अथवा चुलीस जातात. असले कागद ज्ञानास कधीं लागतील हें आज कोणासही सांगतां येणार नाहीं. १९७० सालीं भेकराचीं सहा सूत्रें मोजलीं गेलीं तेव्हां त्यांच्या मधोमध पडलेला तो निरर्थक मजकूर पुढें पन्नास वर्षांनीं सर्व वंशाचा हिशेब जुळवून देईल, असें तरी कोणीं म्हटलें असतें? तो जुळला, याचें श्रेय शोध करणाऱ्यांच्या चिकाटीस जितकें आहे तितकेंच तो मजकूर शिल्लक राहिला होता या साध्या गोष्टीस आहे.